गोळी मनासाठी, मग मळमळ पोटात का?

मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन माणूस मेडिकलमध्ये जातो. एस्सिटालोप्राम, १० मिलिग्रॅम, रोज एक. नैराश्यासाठी आणि सततच्या धास्तीसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी ही गोळी. ‘गुण यायला तीन-चार आठवडे लागतील,’ असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा वास नकोसा होतो. पोटात ढवळतं, तळहातांना घाम सुटतो, काही कारण नसताना जांभयांवर जांभया येतात आणि रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. मन मात्र होतं तिथेच. असे चार दिवस गेले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “अगं, ही गोळी तुला सोसत नाहीये. बंद कर.” पाकीट कपाटात जातं आणि आजार अंगावर काढणं पुन्हा सुरू होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच चार दिवसांची. त्रास खरा असतो, तो ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावण्यासारखा नसतो. पण त्यामागचं कारण कुणी समजावून सांगितलेलं नसेल, तर कुठला त्रास आपोआप ओसरणारा, कुठला डॉक्टरांच्या कानावर घालायचा आणि कुठला रातोरात दवाखाना गाठायला लावणारा, हे रुग्णाला कळायचं कसं? या औषधाच्या दुष्परिणामांची यादी लांबलचक आहे. ती पाठ करण्यापेक्षा ते होतात का हे समजून घेतलं, तर यादीतल्या बहुतेक गोष्टींची संगती लागते.

सेरोटोनिनचं खरं घर

सेरोटोनिन म्हटलं की मेंदू आठवतो. पण या रसायनाचा शोध मेंदूत लागलेलाच नाही. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना १९३०च्या दशकात ते आतड्याच्या अस्तरात सापडलं. १९४८ मध्ये अमेरिकेत मॉरिस रॅपोर्ट, अर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी ते रक्तातून वेगळं केलं. ते मेंदूतही असतं, हे बेट्टी ट्वॉरॉग आणि पेज यांनी दाखवलं ते १९५३ मध्ये. आज आपल्याला माहीत आहे की शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. आतड्याची हालचाल, पाचक रस, ओकारीची भावना या सगळ्यांत त्याचा हात असतो. रक्तातल्या प्लेटलेट पेशीही ते साठवून ठेवतात. मेंदूच्या वाट्याला येतो तो अगदी थोडा भाग.

मेंदूत एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा मधल्या बारीक फटीत सेरोटोनिन सोडते. निरोप पोचला की पाठवणारी पेशीच ते परत आत ओढून घेते. त्यासाठी तिच्या कडेवर प्रथिनाची बनलेली शोषक दारं असतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. डॉक्टर या घराण्याला ‘एसएसआरआय’ म्हणतात आणि त्यांचं काम एकच : ही दारं अडवायची, म्हणजे फटीतलं सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मान्यता मिळाली. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीचं एस्सिटालोप्राम २००२ मध्ये आलं.

अडचण अशी, की तशीच दारं आतड्यातही आहेत आणि प्लेटलेटवरही. गोळी गिळल्यावर औषध रक्तातून सगळीकडे जातं. ‘तू फक्त मेंदूत जा’ असं त्याला सांगता येत नाही. आतड्यात सेरोटोनिन वाढलं की मळमळतं, कुणाला जुलाब होतात. केमोथेरपीनंतर उलटी थांबवायला जे ऑनडान्सेट्रॉन देतात, ते सेरोटोनिनचीच एक जागा बंद करतं. यावरून मळमळीचं नातं लक्षात यावं. मात्र घरात पडलेली ऑनडान्सेट्रॉनची गोळी एस्सिटालोप्रामच्या मळमळीवर आपल्या मनाने घेऊ नये. दोन्ही औषधं हृदयाच्या ठोक्याच्या विद्युत लयीवर एकाच दिशेने परिणाम करतात.

त्रास आधी, गुण नंतर

आता दुसरं कोडं. दारं तर पहिल्याच दिवशी अडतात, मग मनाला बरं वाटायला आठवडे का?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालून पाणी चढतं, नळांतून उतरतं. पातळी वाढली की तरंगणारा बॉलकॉक वर येतो आणि येणारं पाणी बंद करतो. आता कुणी उतरणारा पाइप अर्धा बंद केला तर? पातळी जरा वाढते न वाढते तोच बॉलकॉक उचलला जातो आणि आवकच थांबते. मेंदूत नेमकं हेच होतं. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींवर स्वतःचंच सेरोटोनिन मोजणारे संवेदक असतात. गोळीने पातळी चढू लागली की ते पेशीला सांगतात, ‘पुरे, आता कमी सोड.’ म्हणून पहिले काही दिवस मेंदूच्या बऱ्याच भागांत फारशी वाढ होतच नाही. दोन-तीन आठवडे दारं अडलेली राहिली की हा बॉलकॉक ढिला पडतो, आवक पुन्हा सुरू होते आणि पातळी खरोखर चढते. त्यानंतर चेतापेशींच्या जोडण्यांमध्ये सावकाश बदल घडतात. आतड्यात मात्र उलटा क्रम. तिथे खळबळ पहिल्या दिवशी होते आणि एक-दोन आठवड्यांत आतडं सरावतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सेरोटोनिन कमी झालं म्हणून नैराश्य आलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण आजार इतका सरळ नाही. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यातही या कल्पनेला ठोस आधार सापडला नाही. औषध निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा आणि सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांचा एकत्रित अभ्यास आला. त्यातली सर्व २१ औषधं औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मध्यम होता, डोळे दिपवणारा नव्हता. काहींचं आयुष्य या गोळीने सावरतं, काहींना थोडं बरं वाटतं, काहींना औषध बदलावं लागतं.

पहिले पंधरा दिवस

अमेरिकेतल्या मान्यतेच्या कागदपत्रांतले आकडे बोलके आहेत. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम घेणाऱ्या १०० पैकी १५ जणांना मळमळ झाली. पण औषधच नसलेली हुबेहूब गोळी घेणाऱ्या १०० पैकी ७ जणांनाही ती झाली. झोप उडण्याचं प्रमाण ९ आणि ४. त्रासामुळे औषध सोडून देणारे ६ आणि २. म्हणजे बहुतेकांना हे औषध सोसतं, आणि मळमळीतला काही वाटा आजाराचा व धास्तीचाही असतो.

साध्या उपायांनी हे दिवस बरेच सुसह्य होतात. अनेक डॉक्टर सुरुवातच ५ मिलिग्रॅमने करतात. गोळी जेवणानंतर घेतली तर पोटात कमी ढवळतं. झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री. वेळ बदलायची का, हे फोन करून विचारलं तरी चालतं.

पण एक त्रास या सगळ्यांहून वेगळा आहे आणि तो लपवू नये. काहींना पहिल्या आठवड्यांत आतून विलक्षण तगमग होते. एका जागी बसवत नाही, अंगात काहीतरी सळसळतं आहे असं वाटतं, चिडचिड वाढते. तरुणांमध्ये याच काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २४ चाचण्यांमधली ४,४०० हून अधिक मुलं आणि किशोरवयीन रुग्ण तपासले. असे विचार किंवा वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के दिसलं, न घेणाऱ्यांत २ टक्के. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. तरीही २००४ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला. त्यापुढच्या वयात धोका वाढलेला दिसत नाही. ६५ नंतर तो उलट कमी होतो. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही, कारण उपचाराविना राहिलेलं नैराश्य स्वतःच जीवघेणं असतं. अर्थ इतकाच, की औषध सुरू केल्यावर आणि डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे घरातलं कुणीतरी जवळ असावं, रोज विचारपूस करावी आणि डॉक्टरांची पुढची भेट महिनाभर लांबवू नये.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगायची. पूर्वी कधी अनेक दिवस झोपेविना प्रचंड उत्साह, बेफाट खर्च, भरभर बोलणं असा काळ येऊन गेला असेल किंवा घरात कुणाला तसा आजार असेल, तर नुसतं नैराश्याचं औषध मनाला दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडे ढकलू शकतं. अशांचा उपचार वेगळा असतो.

संकोचापोटी न सांगितलेला त्रास

मळमळ ओसरते. लैंगिक त्रास बहुधा ओसरत नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. इच्छा कमी होणं, पुरुषांना वीर्यपतनाला फार वेळ लागणं, स्त्रियांना परमोच्च सुख न मिळणं, हे सगळं सेरोटोनिन वाढल्याने होतं. चाचण्यांत वीर्यपतनाच्या तक्रारी ९ टक्के पुरुषांनी सांगितल्या, पण डॉक्टर स्वतःहून नेमका प्रश्न विचारतात तेव्हा हा आकडा कितीतरी वर जातो. नवरा-बायकोत नकळत दुरावा येतो, ‘आपल्यातच काही राहिलं नाही’ अशी समजूत होते आणि एक दिवस कारण न सांगता गोळी बंद होते. काहींच्या भावनाही बोथट होतात : रडूही येत नाही आणि हसूही. मुलाचा निकाल लागला तरी आत काही हलत नाही.

डॉक्टरांना हे सांगितलं तर मार्ग निघतात. डोस कमी करता येतो, किंवा ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांसारख्या वेगळ्या वाटेने काम करणाऱ्या औषधाचा विचार करता येतो. क्वचित काही रुग्णांत औषध थांबल्यावरही लैंगिक त्रास टिकतो; युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्ये तशी सूचना माहितीपत्रकात घालायला लावली. म्हणून हा विषय पहिल्या भेटीतच निघायला हवा, आणि तो काढण्याची जबाबदारी माझ्या मते रुग्णाची नाही, डॉक्टरांची आहे.

गोळीची सोबत

एकट्या एस्सिटालोप्रामपेक्षा तिच्या सोबतीने जास्त घात होतो. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि तगमग घेऊन दाखल झाली. ती फेनेल्झिन हे जुन्या पठडीतलं नैराश्याचं औषध घेत होती. तिला पेथिडिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि काही तासांत ती दगावली. ही दोन औषधं एकत्र आल्याने सेरोटोनिन बेसुमार वाढलं, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. या अवस्थेला ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ म्हणतात. त्या प्रकरणानंतर न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा घातली.

आपल्याकडे ही गाठ वेगळ्या मार्गाने पडते. कंबर धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडॉल दिलं. मनाच्या गोळीबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नाही. खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं सिरप घेतलं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड सुरू झालं. हे प्रतिजैविकही सेरोटोनिन वाढवतं, आणि दीर्घ उपचारांत क्षयाच्या रुग्णांना नैराश्य येणं काही नवीन नाही. नवं औषध मिळाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही तासांत, बहुधा दिवसभराच्या आत, हातपाय थरथरणं, स्नायू फडफडणं, दरदरून घाम, जुलाब, ताप, अस्वस्थता, भ्रम असं एकत्र दिसू लागलं तर वाट बघू नये.

वेदनाशामकांचा धोका प्लेटलेटमधून येतो. प्लेटलेट स्वतः सेरोटोनिन बनवू शकत नाहीत, त्याच शोषक दारांतून आत भरून घेतात आणि जखम झाली की बाहेर सोडतात. त्याने रक्ताची गुठळी धरायला मदत होते. गोळीने दारं अडली की साठा रिकामा होतो. एरवी हे जाणवत नाही. पण सोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखं काळं, चिकट शौचाला होणं हे त्याचं लक्षण. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चालणारं ओमेप्राझोलही यकृतातली वाट अडवून एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी सुमारे दीडपट करतं.

एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिसळून आपल्याकडे मुबलक विकलं जातं. त्यातलं क्लोनाझेपाम हे शामक आहे. त्याने पहिल्या रात्रीपासून शांत वाटतं, म्हणून ते काही आठवड्यांपुरतं उपयोगी पडतं. पण सवय लागते ती त्याची. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तीच मिश्र गोळी घेणारे लोक ‘डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली’ म्हणतात, तेव्हा दोष बऱ्याचदा क्लोनाझेपामचा असतो. पाकिटाच्या मागे दोन नावं आहेत का, हे एकदा वाचून बघा.

आजींना विसरायला का होतं?

बहात्तर वर्षांच्या आजी. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आधीपासून आहे. आजोबा गेल्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं, म्हणून एस्सिटालोप्राम सुरू झालं. दोन आठवड्यांनी सून म्हणते, “अहो, आई आज मला मावशींच्या नावाने हाक मारत होत्या. पायही लटपटतायत त्यांचे.” मुलगा म्हणतो, “वय झालंय तिचं. व्हायचंच.”

असं चित्र दिसलं की वयाला दोष देण्याआधी रक्तातलं सोडियम तपासावं. सेरोटोनिन वाढलं की मेंदूतून मूत्रपिंडाला ‘पाणी धरून ठेव’ असा हुकूम देणारं संप्रेरक जास्त सुटू शकतं. शरीरात पाणी साठतं आणि सोडियम पातळ होतं. सामान्य पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल. ती १२० च्या आसपास घसरली की गोंधळ, तोल जाणं आणि झटकेही येऊ शकतात. वय ६५ च्या पुढे, अंगाने बारीक, स्त्री आणि सोबत लघवीचं औषध असं सगळं एकत्र असेल तर धोका सर्वाधिक, आणि तोही पहिल्या महिन्यात. ही तपासणी जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये होते. औषध सुरू करण्याआधी एकदा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा केली, तर खुब्याचं हाड मोडण्यापासून वाचवणारी ठरू शकते. ज्येष्ठांमध्ये हृदयाच्या लयीचा प्रश्नही असल्याने त्यांच्यासाठी कमाल डोस १० मिलिग्रॅमच धरतात. एरवी तो २० असतो. हृदयविकार असेल तर आधी ईसीजी काढून घेतात.

| चौकट : केव्हा काय करायचं |
|---|
| धीर धरा : पहिल्या दोन आठवड्यांतली सौम्य मळमळ, जांभया, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, थोडा घाम. |
| डॉक्टरांना सांगा : न ओसरणारा निद्रानाश, लैंगिक त्रास, भावना बोथट होणं, सहज काळंनिळं पडणं, गर्भधारणा झाल्याचं किंवा तसा विचार असल्याचं. गर्भ राहिला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. |
| लगेच रुग्णालय : जीव देण्याचे विचार, ताप-थरथर-भ्रम एकत्र, झटका, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, काळं शौचाला होणं, अचानक आलेला गोंधळलेपणा, अंगावर गांध्या उठून श्वास लागणं. |
| मन फार खचलं असेल तर : टेलि-मानस, १४४१६. सरकारी सेवा, मोफत, कुठल्याही वेळी. |

सोडायची कशी

बरं वाटू लागलं की गोळी नकोशी होते. पण पूर्ण बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने तरी औषध चालू ठेवतात, कारण लवकर थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता जास्त असते.

एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ३० तास लागतात. गावाला जाताना पाकीट घरी राहिलं तर दोन-तीन दिवसांत काहींना चक्कर येते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात आणि डोकं वळवताच क्षणभर करंट बसल्यासारखं वाटतं. अडलेल्या दारांना सरावलेला मेंदू ती एकदम उघडल्याने गडबडतो. याला व्यसन म्हणता येत नाही. गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवावासा वाटत नाही. पण ‘याने काहीच होत नाही’ हेही खरं नाही. २०२४ मध्ये आलेल्या आढाव्यात नैराश्याची औषधं थांबवणाऱ्या १०० पैकी सुमारे ३१ जणांना काही ना काही लक्षणं जाणवली. औषधविरहित गोळी थांबवणाऱ्यांतही १७ जणांना. तीव्र त्रास साधारण १०० पैकी ३ जणांना झाला. पॅरोक्सेटिन लवकर उतरतं म्हणून त्याचा त्रास जास्त, फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळतं म्हणून कमी.

डोस टप्प्याटप्प्याने उतरवायचा, आठवडे किंवा महिने घेऊन. इथे एक बारकावा आहे जो बऱ्याचदा निसटतो. औषधाचा थोडा डोसही बहुतांश दारं अडवतो. त्यामुळे २० वरून १० वर येताना मेंदूला फारसं जाणवत नाही, पण ५ वरून शून्यावर येताना मोठा फरक पडतो. शेवटचे टप्पे म्हणूनच सर्वांत बारीक आणि सर्वांत सावकाश हवेत. एक दिवसाआड गोळी घेऊन सोडणं हा चुकीचा मार्ग. त्याने पातळी रोज वरखाली होते. मिश्र गोळी चालू असेल तर क्लोनाझेपाम वेगळं करून त्याचा डोस स्वतंत्रपणे उतरवावा लागतो. ते एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात.

सोडल्यावर मन पुन्हा उदास झालं, तर हा आजार परतला की औषध सुटल्याचा परिणाम? तारखा लिहून ठेवल्या तर डॉक्टरांना ते ओळखता येतं. सुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, सोबत चक्कर आणि करंट असतो, आणि जुना डोस परत सुरू केला की बहुधा लवकरच शमतो. आजार परततो तो हळूहळू, आठवड्यांनी, आणि पूर्वीचीच लक्षणं घेऊन.

दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातर्फे त्यासाठी देशभर योजना चालते. रुग्णांसाठी वेगळा अर्ज आहे, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर औषधाचं नाव, डोस, कधी सुरू केलं आणि काय झालं एवढं सांगितलं तरी चालतं.